चुकांचे टाक

सात नंबरच्या चुकीला कुणीतरी भंडारा लावला होता.

बारा चुका एका लांब पाटावर ओळीनं मांडलेल्या होत्या. त्यातल्या अकरा काल सकाळी ठेवल्या तशाच होत्या, कोरड्या, पितळी, जराशा ओशाळलेल्या. सातवीवर मात्र हळदीची पिवळीधमक चिमूट होती. सांडलेली नव्हे, उधळलेली नव्हे; दोन बोटांत धरून, एवढ्याशा आकृतीचं एवढंसं कपाळ हुडकून बेतानं लावलेली. स्वप्नाली पाटासमोर तशीच उभी राहिली, खांद्याला डब्याची पिशवी, हातात हेल्मेट. प्रदर्शनाचा दुसरा दिवस, सकाळचे साडेदहा. खाली सांगलीचा रस्ता आपल्या कामाला लागलेला, वर वाचनालयाच्या हॉलमधे ती आणि पंखा. तिला आधी वाटलं, पुसावं. मग वाटलं, पुसायचं कसं? लावलेला भंडारा पुसतात का, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. लहानपणी भंडारा फक्त लागायचा. जायचा तो आपोआप, घामानं.

टाक म्हणजे काय, हे शेजारच्या फलकावर चौदा ओळींत लिहिलेलं होतं. त्यातल्या तीन ओळी तिच्या होत्या. घरातलं माणूस गेलं की पातळ पत्र्यावर त्याची ठोकीव आकृती करून देवघरात देवांच्या रांगेत बसवतात. त्याला जागा मिळते. जागा मिळाली की ते घरच्यांना त्रास देत नाही. उरलेल्या अकरा ओळी कलामंडळाच्या चिंतामण सरांनी घातल्या होत्या आणि त्यांत 'अवकाश' हा शब्द चार वेळा आला होता. म्हसवडच्या पुढं, माळावरच्या तिच्या वस्तीवर आईच्या देवघरात असे नऊ टाक होते. पणजा घोड्यावर बसलेला होता. जिवंतपणी तो घोड्यावर कधी बसला नव्हता, मेंढरांमागं चालून चालूनच गेला. पण मेल्यावर सोनारानं त्याला घोडा दिला, कारण सोनाराकडं साचा घोड्याचाच होता. स्वप्नाली आता कुपवाडला एका वर्कशॉपमधे पत्रा दाबायच्या साच्यांची, म्हणजे प्रेसच्या डायांची, ड्रॉइंग करायची. तिथं पितळेच्या पत्र्याचे तुकडे भंगारात पडायचे, ठोकायला पंच होते, आणि एका दुपारी डबा खाताना तिच्या मनात आलं की माणसं मेल्यावर त्यांचे टाक करतात, तर चुका मेल्यावर का करू नयेत? हा विचार तिला त्या दुपारी फार मोठा वाटला होता. सहा महिन्यांनी बारा टाक झाले. चिंतामण सर साताऱ्याचे, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांना 'चुकीतून शिकूया' असं प्रदर्शन भरवायचंच होतं, फक्त चुका मिळत नव्हत्या. त्यांची अट एकच होती: प्रत्येक टाकाखाली बोधाचं कार्ड पाहिजे. "अगं, नुसती चूक दाखवून भागत नाही. लोक विचारतात, मग पुढे काय? चूक करून आपण काय शिकलो?" सांगलीच्या आधी साताऱ्यात चार दिवस प्रदर्शन चाललं. तीन माणसं आली. त्यातलं एक लघवीची सोय विचारायला.

तिसऱ्या नंबरला मॅथ्स थ्रीचा बॅकलॉग होता. पाच वेळा राहिलेला विषय, पाच डोक्यांच्या राक्षसासारखा ठोकलेला. बोध: सहाव्यांदा बसावे. पाचव्या नंबरला एक 'हो' होता, इस्लामपूरच्या एका मुलाला दिलेला, जो पुढं त्याच्या आईनं परत केला. बोध: आधी आईशी बोलावे. नवव्या नंबरला ड्रॉइंगमधे सहाच्या जागी पडलेले नऊ मिलिमीटर. आणि सातव्यावर एक पोरगा पळत होता. खांद्यावर आडवी काठी, डावा हात छातीशी दुमडलेला, उजव्या कानाची पाळी किंचित फाटलेली. कानाची पाळी करायला तिला दोन दिवस लागले होते आणि ती दिसण्यासारखी नव्हतीच. टाक सगळा तळहाताएवढा. खालच्या कार्डावर बोध होता: माउसचे चाक फिरवू नये. साताऱ्यातला लघवीवाला ते वाचून हसला होता. छान आहे, म्हणाला होता, आमच्या ऑफिसातपण असंच होतं.

"नानासो, काल कोण आलं होतं?" तिनं दाराशी बसलेल्या शिपायाला विचारलं.

"काल? लय गर्दी न्हवती. पाच जण. त्यातलं दोघं वाचनालय समजून आलं, पेपर वाचून गेलं."

"दुपारी कोण होतं? मी कंपनीत गेल्यावर?"

"आलं हुतं एक. नुसतंच उभं ऱ्हायलं. मी म्हटलं, सही करा वहीत. तर हात हलीवला आन् गेलं."

"कसं होतं? तरुण होतं का म्हातारं?"

नानासोनं विचार केला. "मॅडम, खरं सांगू का? मी जागाच व्हतो. डोळं तेवढं मिटलं व्हतं."

हात हलवला आणि गेला. सही केली नाही. एवढ्या दोन गोष्टींवर स्वप्नालीनं पुढचे दोन दिवस काढले. मल्हार कधीच कुठं सही करायचा नाही. म्हणायचा, आक्के, माझी सही लय घाण हाय. तिचा धाकटा भाऊ, सहा वर्षांपूर्वी घरातून गेलेला. पहिलं वर्षभर वेगवेगळ्या नंबरांवरून फोन करायचा. आक्के, बरी हाईस का? बरी हाय. तू? बरा हाय. मग दोघं गप्प. ते गप्प बसणं पाचपाच मिनिटं चालायचं, एकदा सात मिनिटं झालं आणि त्याचा बॅलन्स संपला. शेवटच्या फोनमधे त्याच्या मागं समुद्राचा आवाज होता, नाहीतर काँक्रीटच्या मिक्सरचा. तिनं नंतर यूट्यूबवर दोन्ही आवाज ऐकून पाहिले आणि दोन्ही सारखेच वाटले. आता त्या चिमूटभर हळदीमुळं तिनं मोबाइल सायलेंटवरून काढला. अनोळखी नंबर उचलायला लागली. एका क्रेडिट कार्डवाल्या मुलीला तिनं बोलू दिलं, शेवटी हळूच विचारलं, तुमच्या तिथं मल्हार नावाचं कुणी आहे का? मुलगी म्हणाली, मॅम, आमच्याकडं पृथ्वीराज सर आहेत, देऊ का? सातव्या नंबरसमोर खुर्ची टाकून ती बसायला लागली. तो येईल, परत बघायला येईल. आला तर काय बोलायचं, याची वाक्यं ती मनात करायची आणि मोडायची. म्हणजे शेवटी फॉर्मच भरायचा होता आणि पहिल्याच रकान्यात ती अडकत होती.

कारण ते सगळं फॉर्मपासूनच सुरू झालं होतं. म्हसवडच्या एका सायबर कॅफेत, पोलीस भरतीचा शेवटचा दिवस, एका कॉम्प्युटरमागं आठ पोरं उभी. घरातलं सगळं इंग्रजी स्वप्नालीकडं होतं, म्हणून माउस तिच्या हातात. मल्हार तिच्या खांद्यामागं वाकून शेंगा खात होता आणि टरफलं खिशात भरत होता. आक्के, आवर, लाइट जाईल. जातीच्या रकान्यात यादी उघडली, तिनं भटक्या जमाती क निवडलं. बरोबर निवडलं. एवढं तिला आजही कोर्टात सांगता येईल. मग तिचा मोबाइल वाजला, इस्लामपूरचा मेसेज, ती हसली, आणि हसत हसत पान खाली सरकवायला तिनं माउसचं चाक फिरवलं. पान सरकलं नाही. सरकलं ते रकान्यातलं उत्तर. क च्या खाली जे ड असतं, त्यावर जाऊन बसलं, काही आवाज न करता. यादी मिटली. तिनं सबमिट दाबलं. मल्हार म्हणाला, झालं? ती म्हणाली, झालं. आणि झालंच होतं.

साताऱ्याच्या मैदानावर तो पळाला. तीन दिवसांनी घरी येऊन, पायातले बूट काढता काढता म्हणाला, पळण्यात गेलो. वस्तीनं हे महिनाभर चघळलं. धनगराचं पोरगं आणि पळण्यात नापास! माणसं भेटेल तिथं त्याला विचारायची. मेंढरं म्होरं आन् तू मागं बसून हुतास व्हय रं? तिचे वडील, आकाराम आबा, कधीच बोलायचे नाहीत, त्यांच्या वाटचं त्यांची मिशी बोलायची. पण आईला ते लागलं. हरणाबाईनं तरुणपणी एका लांडग्याच्या मागं दोन माळ पळून कोकरू सोडवून आणलं होतं. लांडगा दमून खाली बसला होता, असं सांगतात. माझ्या पोटचं आन् पळाया यीना, असं ती चुलीशी बसून, कुणाला न सांगता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची. एका सकाळी मल्हारची चादर घडी करून ठेवलेली दिसली. त्यानंतर तीन महिन्यांनी कुपवाडला, कंपनीच्या जेवणाच्या सुट्टीत, स्वप्नालीनं मोबाइलवर सहज भरतीची जुनी यादी उघडली. त्याचं नाव होतं. सोळाशे मीटर, चार मिनिटं एकावन्न सेकंद. गटात पहिला. आणि शेवटच्या रकान्यात, अगदी साध्या अक्षरांत: जात प्रमाणपत्र अर्जाशी विसंगत, अपात्र. म्हणजे कागद तपासणाऱ्या टेबलावर त्याला सांगितलं असणार. म्हणजे त्याला माहीत होतं. म्हणजे त्यानं तिची चूक उचलून आपल्या पायांवर घेतली होती, आणि तेच पाय घेऊन तो निघून गेला होता. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. आधी उद्या सांगू म्हणून, मग आता काय सांगायचं म्हणून. सहा वर्षांत या चुकीतून ती शिकली म्हणाल तर एवढंच, की ती आता फॉर्म भरताना माउसला हात लावायची नाही, टॅबच्या बटणानं खाली जायची. चिंतामण सरांनी बोध मागितला तेव्हा तिनं प्रामाणिकपणे जे शिकलं ते लिहून दिलं.

तिसऱ्या दिवशी प्रदर्शनाला गर्दी झाली, पण वेगळ्याच कारणानं. अनीश नावाच्या एका इंजिनिअरिंगच्या मुलानं आदल्या दिवशी भंडारा लावलेला टाक बघितला आणि गंमत म्हणून तीन नंबरच्या बॅकलॉगपुढं झेंडूचं फूल ठेवलं. संध्याकाळी त्याचा निकाल लागला. मॅथ्स थ्री सुटला होता. सकाळी अकराला दारात तीसेक पोरं चपला काढून उभी. कुणी नारळ आणले होते. एकीनं पाचव्या नंबरसमोर, इस्लामपूरच्या होकारासमोर, डोळे मिटून बराच वेळ हात जोडले आणि जाताना बोध मोबाइलमधे उतरवून घेतला. नानासोनं स्वतःच्या अधिकारात दोन रांगा केल्या. चिंतामण सर साताऱ्याहून एसटीनं आले, ते दृश्य बघून दारातच थांबले. चाळीस वर्षं त्यांनी मुलांना कला समजावली होती आणि एकदाही रांग लागली नव्हती.

"अगं, हे चुकीतून शिकतायत का चुकीला पूजतायत?" ते कुजबुजले.

"काय माहीत, सर."

"आपण थांबवायला हवं." मग जरा वेळानं: "उद्या थांबवू. उद्या पेपरवाले येतील."

स्वप्नालीनं रांगेतला प्रत्येक उजवा कान बघितला. एकाचीही पाळी मल्हारसारखी फाटलेली नव्हती.

चौथ्या दिवशी, बाराच्या सुमारास, आईबाप आले. फोन न करता आले, वस्तीवरच्या उदयसिंहच्या जीपनं. हरणाबाई आधी आत आली, हिरवं लुगडं, पायातल्या वहाणा हातात. "कुटं हाय गं तुजं दुकान? चार दिस झालं ह्यांस्नी म्हणत्ये, पोरीनं काय केलंय बघू या. तर न्हाईच म्हणत्यात. डोळं दावाया मंगळवारी सांगलीला आलं, एकलंच बघून गेलं. मला न्हाई आणलं."

मंगळवार म्हणजे पहिला दिवस. स्वप्नालीची नजर सातव्या नंबरकडं गेली, पण तेवढ्यात आबा दारात आले आणि तिला क्षणभर हा माणूस कोण ते कळेना. पटका तोच, काठी तीच, पण चेहरा उघडा पडलेला, वरचा ओठ पांढरा, लहान मुलासारखा. मिशी नव्हती. पटक्याच्या खाली, कानामागं, जिथं पिकलेले केस दिसायचे, तिथं नुसती चामडी.

"आबा, हे काय?"

"गरमी झालीया म्हणं डोसक्यात," आईच बोलली. "मंगळवारी घाटावर बसून समदं काडून आलं. म्या म्हटलं, आवं, डोसक्यात गरमी झाली, मिशीत बी झाली व्हय? तवापास्नं एक बोलनं न्हाई, का धड जेवनं न्हाई."

आबांनी तिचा दंड धरला आणि तिला खिडकीपाशी नेलं. आई झेंडूच्या ढिगाकडं वळली होती, पोरांना विचारत होती की ह्यो पाच डोसक्यांचा द्येव कुठला. आबा खिडकीबाहेर बघत बोलले, अगदी हळू, जसं कोकरू झोपलेलं असताना बोलतात.

"कवा कळलं तुला?"

"काय, आबा?"

"त्याचं. मला सांगाया तुजी जीब रेटली न्हाई, कळलं मला. टाक बगितला आन् कळलं. कान बगितला." ते थांबले. "भंडारा लावला. मग घाटावर जाऊन केलं जे करायचं त्ये. तिला न्हाई सांगितलं. पन भटजी म्हनला, तीथ सांगा. मला तीथ ठावं न्हाई, पोरी. तेवढी तीथ सांग. म्हंजी वर्साला घालाया बरं."

पंखा फिरत होता. स्वप्नालीच्या डोक्यात एकदम फलकावरच्या चौदा ओळी आल्या, त्यातली एकही उपयोगाची नव्हती. जिवंत माणसाचा टाक. तिनं चुकीचा टाक केला होता, चूक मेली असं समजून. आणि चुकीला चेहरा तिनं भावाचा दिला होता, कारण तिच्याकडं साचा तोच होता. एवढी साधी गोष्ट सहा महिने ठोकताना तिच्या लक्षात आली नव्हती. गेले दोन दिवस ती त्या हळदीत मल्हार शोधत होती आणि त्याच हळदीत त्याचा बाप त्याला पोचवून आला होता. तेरा नंबरची चूक समोर उभी होती, बिनमिशीची, आणि तिथीची वाट बघत होती.

"आबा, त्यो गेला न्हाई," ती म्हणाली. तिच्या तोंडात वस्तीवरची बोली आपोआप आली. "म्हंजी मला ठावं न्हाई. मला कायबी कळल्यालं न्हाई. त्यो कुटं हाय ते मला न्हाई ठावं."

"मंग टाक का केलास?"

"त्यो त्याचा न्हाई. माजा हाय. माज्या चुकीचा." आणि मग तिनं सांगितलं. सायबर कॅफे, रकाना, चाक. ते सांगताना तिला जाणवलं की ही गोष्ट फार लहान आहे. सहा वर्षं जपलेली आणि अर्ध्या मिनिटात संपणारी. आबांना माउस म्हणजे काय ते माहीत नव्हतं, म्हणून तिनं हवेत बोट फिरवून दाखवलं. एवढंच फिरवलं, आबा. त्यांनी त्या बोटाकडं बघितलं. त्यांचा हात वरच्या ओठाकडं गेला, तिथं काही सापडलं नाही, तसाच खाली आला.

"म्हंजी पळण्यात न्हाई गेला?"

हे आबा बोलले नव्हते. आई मागं उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. हातात कुणीतरी दिलेलं झेंडूचं फूल.

"न्हाई, आये."

"पळाला?"

"पळाला."

"किती पळाला?"

"सोळाशे मीटर. चार मिनिटं एकावन्न सेकंदात."

हरणाबाई नवऱ्याकडं वळली. "चांगलं असतं व्हय त्ये?"

मागच्या रांगेतला अनीश म्हणाला, "आजी, पाच मिनिटं दहाच्या आत आलं की पैकीच्या पैकी मार्क. चार एकावन्न म्हणजे लय भारी."

"पैला आला व्हता, आये," स्वप्नाली म्हणाली. "गटात पैला."

ती वाट बघत राहिली. आता आई ओरडेल, वहाण फेकून मारेल, निदान रडेल. सहा वर्षं तिनं या क्षणाच्या सगळ्या तऱ्हा मनात करून ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीत आपण कुठं उभं राहायचं हेही ठरवलेलं होतं. हरणाबाईनं कमरेची पिशवी चाचपली, वहाणा पायात घातल्या आणि जिना उतरून गेली. आबा म्हणाले, "जाऊ दे, यील." पण त्यांच्या आवाजात खात्री नव्हती, त्यांना बहुतेक हेही कळत नव्हतं, की सुतक फिटलं म्हणायचं का मोडलं म्हणायचं, आणि केस परत येईपर्यंत माणसानं कुणाचा बाप म्हणून हिंडायचं.

दहा मिनिटांनी ती वर आली ती पेढ्यांचा खोका घेऊन. दारापासून सुरुवात केली. नानासोच्या हातावर पेढा ठेवला.

"कशाचं वो, मावशी?"

"माजा ल्योक भरतीत पळण्यात पैला आला."

"आरं वा! कवा?"

"झाली सा वर्सं."

नानासोनं पेढा तोंडात टाकला. सहा वर्षांत पेढ्याचं काही बिघडत नाही, असा त्याचा चेहरा होता. मग रांगेतली पोरं. काँग्रॅट्स आजी, काँग्रॅट्स. एका मुलीनं वाकून नमस्कार केला. चिंतामण सर चष्मा पुसत पुढं आले, त्यांनी दोन घेतले. हरणाबाई प्रत्येकाला तेच वाक्य सांगत होती, तेवढ्याच जोरात, आणि मधेच फोन लावून वस्तीवरच्या बनुबाईला सांगत होती, "आवं, पैला! चार मिंटात! मोटारीवानी पळाला!" तिचं नाक लाल झालं होतं आणि पदर खांद्यावरून घसरला होता, तो ती सावरत नव्हती. आबांच्या हातावर तिनं पेढा ठेवला तेव्हा आबांनी तिच्याकडं बघितलं, मग पेढ्याकडं, आणि मिशी नसलेल्या ओठांनी तो सावकाश, चावायला जड असल्यासारखा खाल्ला. सगळ्यांना देऊन होईपर्यंत तिनं स्वप्नालीकडं एकदाही बघितलं नाही. शेवटी ती तिच्यासमोर येऊन उभी राहिली. स्वप्नालीनं हात पुढं केला. खोक्यात एकच पेढा उरला होता.

हरणाबाईनं खोक्याचं झाकण लावलं.

"ह्यो मल्हारचा," ती म्हणाली.

स्वप्नालीचा हात तसाच पुढं राहिला. तो आता मागं कसा घ्यायचा, हे तिला कळेना.